गेंदीचा पारा

मित्रांनो, मी एक जुना पारा आहे, रक्तदाब मोजणारा. पत्र्याची पेटी, उभी काचेची नळी, रबरी फुगा आणि दोन बोटे रुंदीचा पट्टा, एवढाच माझा संसार. पट्टा इतका लहान, कारण मला बनवले ते तान्ह्या बाळांसाठी. काही वर्षे मी बाळंतिणींच्या दवाखान्यात होतो. तिथे नवे यंत्र आले आणि मी परभणीत जनावरांच्या दवाखान्यात येऊन पडलो. बैलाच्या पायाला माझा पट्टा कुठला पुरायला? कपाटात धूळ खात बसलो. मग माणिकराव डॉक्टर आले. हा पट्टा मांजराला नेमका बसतो, असे ते म्हणाले आणि माझे नशीब उघडले. पंज्याखालची नाडी ऐकवणारा एक डबाही त्यांनी मिळवला. खोटे कशाला बोलू, तेव्हा मी जरा फुशारलोच होतो.

एक दिवस पूर्णेहून धुरपताबाई आल्या. टोपलीत गेंदी नावाची पिवळी मांजर होती. बाईंचे मालक रेल्वेत रूळ बदलणारे पॉइंट्समन होते. यार्डात सापडलेले हे पिल्लू त्यांनीच घरी आणले होते. मालक गेले, पोरबाळ नव्हते. बोलायला गेंदीच उरली.

"सारखी पाणी प्यायलीय अन् वाळायलीय," बाई म्हणाल्या. "गाडीची शिट्टी झाली की अजून दारात जाऊन बसती. मालक येतील म्हणून."

पट्टा बांधताच गेंदीने बोचकारायला सुरुवात केली. मी भलताच वर चढलो.

"घाबरलीये ती, मावशी. भीतीनं दाब चढतो," डॉक्टर म्हणाले. त्यांनी शांत करणारी एक गोळी पुडीत बांधून दिली. "पुढच्या खेपेला निघताना यातली अर्धी द्या."

बाईंनी निघताना अर्धी दिली. पण त्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरासाठी रेल रोको होता. गाडी वाटेत मिरखेल स्टेशनात अडली. डब्यात पाय ठेवायला जागा नव्हती, बाहेर घोषणा चालू होत्या. गेंदी टोपलीत ओरडू लागली, तशी बाईंनी उरलेली अर्धीही तिच्या तोंडात घातली.

"गोळी दिली ना?" डॉक्टरांनी विचारले.

"दिली की."

किती, ते त्यांनी विचारले नाही आणि बाईंना सांगायचे सुचले नाही. गेंदी ओल्या फडक्यासारखी टेबलावर पडली होती. मी शहाण्या मुलासारखा खाली येऊन थांबलो. डॉक्टरांचा चेहरा उजळला. "बघा, नुसती भीती होती. दाब ठीक आहे." बाईंनी डॉक्टरांना हात जोडले आणि मलाही जोडले. तो नमस्कार मला अजून जड जातो.

मित्रांनो, ती गोळी फक्त भीती घालवत नाही. ती रक्तवाहिन्या सैल करून दाबही उतरवते. मी दाखवला तो आकडा गोळीचा होता, गेंदीचा नव्हता.

पुढे बाई न बोलावता आल्या. गेंदीचे डोळे उन्हातही काळेभोर, विस्फारलेले.

"रांजणाला धडकायलीय," बाई म्हणाल्या. "दुधाची वाटी सापडंना तिला."

या वेळी गोळी नव्हती. डॉक्टरांनी दार लावले, गेंदीला बाईंच्या मांडीवरच राहू दिले, तिचा श्वास निवेपर्यंत थांबले आणि मग पुन्हा पुन्हा मोजले. दर वेळी मी तितकाच वर. हे पहिल्याच दिवशी करता आले असते, पण तेव्हा दवाखान्याबाहेर जनावरे घेऊन आलेल्यांची गर्दी होती.

"डोळ्यातला पडदा सुटलाय, मावशी. दाबानंच. त्या दिवशी गोळीमुळे मी फसलो."

तेव्हा कुठे बाईंनी मिरखेलची हकीकत सांगितली. "मी अजून अर्धी दिली हुती. माझ्यामुळं झालं का?"

"नाही. विचारणं माझं काम होतं."

"औषधानं दिसंल का तिला?"

डॉक्टर माझा पट्टा गुंडाळत राहिले.

आता माझी रबरी नळी चिरली आहे आणि मी पुन्हा कपाटात आहे. मित्रांनो, मुक्या जिवाचा दाब मोजताना घाई करू नका. औषध दिले असेल तर कोणते, किती, केव्हा, हे आधी विचारा. मग माझ्याकडे बघा. कुणी ऐकेल, अशी मला फारशी आशा नाही. तरी सांगतो, कारण दाबाचे औषध न्यायला बाई एकदा एकट्याच आल्या होत्या आणि डॉक्टरांनी गेंदीची चौकशी केली होती.

"शिट्टी झाली की अजून उठती," बाई म्हणाल्या. "पर दार सापडंना. भिंतीकडं तोंड करून बसती."