शून्य सावलीची पैज

भागवत सरांना पोरांना कोड्यात पाडायची भारी हौस. आष्टीकडच्या त्या दोन खोल्यांच्या शाळेत कधी मिठाच्या पाण्यात अंडं तरंगवायचं, कधी कागदाच्या पुलावर भरलेली वाटी उभी करायची. यंदा शाळा उघडताच मात्र त्यांनी ठेवणीतलं कोडं काढलं. "भर उन्हात उभं राहायचं आणि आपली सावली हरवून दाखवायची. कोण दाखवतंय?"

पोरांनी पळून पाहिलं, उड्या मारून पाहिल्या. सावली काही पिच्छा सोडीना. चौथीतल्या शिवकन्येनं मात्र अंगणात काठी रोवली आणि रोज दुपारी सावलीच्या टोकाशी खडा ठेवत गेली. जुलै सरत आला तसे खडे काठीच्या पायाशी येऊन टेकले.

"सर, शुक्रवारी सावली काठीतच शिरतीय बघा."

सूर्य बरोबर डोक्यावर यायचा सरांचा हिशेबही शुक्रवारचाच होता, दुपारी साडेबारानंतरचा. त्यांना पोरीला डोक्यावर घेऊन नाचावंसं वाटलं.

त्याच खुशीत तिनं बापाशी पैज लावली. रामेश्वर हसला. "आसं झालं तर यंदा तुला उसाला न्हेत न्हाई. ऱ्हा आज्जीपाशी, शीक शाळा." दिवाळी झाली की ऊस तोडायला साखर कारखान्याच्या वाटेला लागायचं आणि धाकट्याला सांभाळायला शिवकन्येला न्यायचं, हे दरवर्षी ठरलेलं. पैजेचं कळलं तेव्हा सर शुक्रवारचा हिशेब पुन्हा पुन्हा तपासत बसले. रामेश्वरचा उंबरा झिजवून त्यांना जे जमलं नव्हतं, ते आता सूर्यावर येऊन ठेपलं होतं.

शुक्रवारी रामेश्वर खुरपणी टाकून शाळेत आला. पोरं अंगणात उभी राहिली. ऊन कसं लख्ख! आणि सव्वाबाराला डोंगराकडून ढग आला, तो थेट शाळेवर येऊन बसला.

"आलं बाबा आभाळ एकदाचं!" रामेश्वरनं हात जोडले. बाजरीनं माना टाकल्या होत्या, सगळं गाव या ढगाची वाट बघत होतं. एकटे भागवत सर तो जावा म्हणून देव पाण्यात ठेवून बसले होते आणि त्याची त्यांना लाजही वाटत होती.

एक वाजला. ढग जागचा हलला नाही. रामेश्वरला पोरीकडं बघवेना. तो म्हणाला, "सावली तर कुनाचीच दिसंना. जितलीस म्हनायचं का मग?"

सर "हो" म्हणायला तोंड उघडणार, तेवढ्यात शिवकन्याच बोलली. "न्हाई पप्पा. ऊन पायजे. सरांनी भर उन्हात म्हनलं व्हतं."

खरं बोलायचं, जे दिसेल तेच सांगायचं, हे सरांनीच शिकवलं होतं. आता स्वतःच्याच शिकवणीचा त्यांना संताप आला.

"उद्या-परवाही चालेल, रामेश्वर, फरक एवढासाच पडतो," सर घाईघाईनं म्हणाले. बिचारा त्यालाही कबूल झाला. पण आठवडाभर आभाळ हटलं नाही आणि एक थेंबही पडला नाही. ऊन निघालं तेव्हा काठीच्या दुसऱ्या अंगाला दोन बोटं सावली उगवली होती.

शिवकन्येनं तिच्या टोकाशी खडा ठेवला. "सर, परत कवा व्हतंय हे?"

"पुढच्या मे महिन्यात."

तिचा चेहरा खुलला. सरांचं पडलेलं तोंड बघून तीच त्यांना समजवायला लागली. "मग कावून नाराज व्हता सर? तवर आमी उसावरनं आलेलो आसतो की."

सर हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार होते?