पूलवाल्या हार्मेनची काळी सायकल

मी सायकल आहे. काळी, जड, उलटं पायडल दाबलं की थांबणारी. माझं कुलूप मागच्या चाकालाच जोडलेलं आहे. जिच्या अंगात जन्मापासून कुलूप, ती सहजासहजी कुणावर विश्वास ठेवत नाही.

हार्मेननं मला नवीकोरी घेतली. तो कालव्यावरचे पूल उघडायचा. पूल चार, माणूस एक. एक पूल होडीला उघडून दिला, बंद केला, की माझ्यावर बसायचा आणि होडीच्या आधी पुढचा गाठायचा. सव्वीस वर्षं एकही होडी पुलाशी खोळंबली नाही. फुशारकी नाही, झालं ते सांगते.

तो निवृत्त झाला आणि मग त्याची पावलं बिघडली. आधी आखूड झाली, पुढे फरशीला चिकटू लागली. दारात आला की जागीच थांबायचा. मी अंगणातल्या भिंतीला टेकून खिडकीतून बघायचे. आमच्या गावात खिडक्यांचे पडदे कुणी ओढत नाही. सगळं गाव बघत होतं.

त्याची बायको फेन्ना त्याला धरून मागच्या दाराबाहेर आणायची आणि मला घट्ट पकडायची. तो एकदा बसला की मग बघायला नको. पाठ ताठ, पायडलं गरगर, कालव्याच्या काठानं सहा किलोमीटर.

मलाही शंका आली. तो खुर्चीत बसलेला असताना मांडीवरचा त्याचा हात थरथरायचा. हँडल धरून निघालो की थरथर थांबायची. हा काहीतरी लपवतोय, असं मला वाटलं.

रविवारी फेन्नाचा भाऊ एप्पो कॉफीला आला. अंगणात बसून म्हणाला, "याचे बूट तू घालतेस, सूप तू भरवतेस. आणि काल तुझा राजा मला पुलापाशी मागं टाकून गेला!"

"डॉक्टर आजार म्हणतात."

"असेल. भांडी घासायची वेळ आली की पाय चिकटतात, सायकल दिसली की सुटतात. झकास आजार आहे."

फेन्ना हसली नाही. तिनं मला कुलूप लावलं आणि किल्ली एप्रनच्या खिशात टाकली.

दुसऱ्या दिवशी हार्मेन दारात उभा राहिला. "फेन्ना, किल्ली."

"चालत ये आणि घे."

मध्ये चार पावलं होती. त्याच्या कपाळावर घाम आला. गुडघे हलले, टाचा हलल्या नाहीत.

"नाटक पुरे, हार्मेन."

तो पुढे झुकला आणि तोंडावर पडला. ओठ फुटला. फेन्ना धावली. मी जागच्या जागी.

तरीही एप्पोचं समाधान होईना. पुढच्या तपासणीला त्यानं मला पुरावा म्हणून गाडीच्या मागे बांधलं. रुग्णालयाच्या आवारात डॉक्टरबाईंनी हार्मेनला माझ्यावर बसवलं. तो दोन फेऱ्या मारून आला. एप्पोनं बाईंकडे बघितलं, चोर पकडल्यासारखं.

बाई शांतपणे म्हणाल्या, "मेंदूच्या मुळाशी काळसर पेशींचा एक पट्टा असतो. यांचा विरत चाललाय. पाऊल आपोआप पडायला त्याची मदत लागते. पायडल पायाला फिरवत ठेवतं, ठेका देतं, म्हणून हे जमतं. आम्हालाही सगळं उमगलेलं नाही."

"म्हणजे सोंग नाही?"

"सोंगासाठी तुम्ही ओठ फोडून घ्याल?"

एप्पोनं टोपी काढली. मग बाईंनी हार्मेनला गाड्या लावायच्या पांढऱ्या रेघांपाशी उभं केलं. "डोळ्यांसमोर खूण असली की पाऊल उचलतं. रेघ ओलांडा." त्यानं ओलांडली. दुसरीही. फेन्ना तोंड झाकून रडली.

घरी येऊन तिनं खुर्चीपासून माझ्यापर्यंत जमिनीवर पांढऱ्या पट्ट्या चिकटवल्या, एकेका पावलाच्या अंतरावर. किल्ली हार्मेनच्या गळ्यात दोरीला बांधली. एकट्याला उतरता येत नाही, म्हणून एप्पो शेजारून सायकल चालवतो. आता पहिल्या पुलापर्यंतच. डोक्यातला तो काळसर पट्टा आणखी विरलाय.

संशय घ्यायला माझी ना नाही. मी अजून घेते. पण घ्याल तर चार पावलांवरून बघू नका. जवळ जा, हात धरा, मग ठरवा.

तो निघालाय. नवव्या पट्टीशी अडलाय. फेन्ना थांबलीय. थांबायला मलाही सवड आहे. कुलूप त्यानं कालच उघडून ठेवलंय.