पृथ्वीगोलावरचा लाल दोरा

मी एक जुना पृथ्वीगोल आहे. आणि मित्रांनो, आधीच सांगतो, माझे डोके तापलेले आहे.

पुठ्ठ्याच्या दोन वाट्या जोडून मला घडवले. एका कारागीर बाईंनी माझ्यावर कागदाच्या पट्ट्या इतक्या नेटक्या चिकटवल्या, की समुद्रात कुठे सांधा दिसत नाही. पुढे मी विमानाची तिकिटे काढून देणाऱ्या दुकानात आलो. गिऱ्हाइकांची मुले मला गरागरा फिरवत, मोठी माणसे कौतुक करत. मी फुशारून जायचो.

दुकानाच्या मालकांना सगळे तिकीटकाका म्हणत. कुणी अंतर विचारले, की ते खिशातून लाल दोरा काढत, माझ्यावर या विमानतळापासून त्या विमानतळापर्यंत ताणून धरत आणि बोटांनी मोजून तास सांगत. गिऱ्हाईक खूश! पण दोऱ्याला कुठे विमान बदलावे लागते? तो कुठे रांगेत ताटकळतो? काकांना हे ठाऊक नव्हते थोडेच! पण खरे सांगितले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल ना!

एकदा एक शिवणकाम करणारी बाई धापा टाकत आली. दूरदेशी भावाकडे असलेली तिची आई दवाखान्यात होती. तातडीने ऑपरेशन करायचे होते.

"काका, पोहोचायला किती वेळ लागेल हो?"

काकांनी दोरा ताणला. "उद्या दुपारी आईजवळ असाल, ताई. काळजी सोडा."

तिने तिथूनच फोन लावला. "आई, उद्या दुपारी येते गं."

"मग सांगते डॉक्टरांना," आई म्हणाली, "लेकीला बघितल्याशिवाय मी आत जायची नाही."

मला तोंड असते तर मी तिथेच ओरडलो असतो.

घाईत तिकीट न वाचताच ती विमानतळाकडे धावली. थेट विमान नव्हतेच. दोनदा बदलायचे होते, मध्ये एक अख्खी रात्र बाकावर काढायची होती. दुसऱ्या दिवशी वाटेतल्या विमानतळावरून तिचा भावाला फोन लागला, तोवर दुपार टळून गेली होती आणि आईची तब्येत हाताबाहेर गेली होती.

परत आल्यावर ती दुकानात आली. काकांच्या हातातून दोरा ओढून घेतला आणि पिशवीतल्या कात्रीने त्याचे तुकडे केले.

"मी पोहोचले तेव्हा पलंगावरची चादर बदलून झाली होती, काका. तुम्ही खरं बोलला असता, तर मी फोनवरच म्हटलं असतं, जा गं आई, माझ्यासाठी थांबू नकोस."

काकांनी काय करावे? मलाच कपाटावर टाकले! चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरे काय. आता त्यांच्या टेबलावर कॉम्प्युटर आहे. तो दोन विमानतळांमधले सरळ अंतर आणि उड्डाणाचे तास दाखवतो, आणि काका तेच तास वाचून दाखवतात. गिऱ्हाईक अजूनही खूश होते.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ नाही पुसलीत तरी चालेल. पण कुणी पोहोचायला किती वेळ लागेल असे विचारले, तर गोड वाटेल ते सांगू नका. तिकडे कुणीतरी त्या शब्दावर थांबलेले असते.