जुन्या संगणकाला चालेल अशी काच

घड्याळजींची वाचा गेली आणि घरातल्या बाकीच्यांना एकदम कंठ फुटला. मुलगी बोलायची, जावई बोलायचा, शेजारीपाजारी बोलायचे, आणि खाटेवरच्या माणसाच्या तोंडी जो तो आपापलं वाक्य घालायचा. कोणी म्हणे, त्यांच्या डोळ्यांवर ऊन येतंय. कोणी म्हणे, छे, त्यांना खिडकी उघडीच हवी आहे. मान सारखी लटपटायची, त्यामुळे होकार कुठला आणि नकार कुठला हे कळायला मार्ग नव्हता. उजवं अंग गेलं होतं. डावा हात हलायचा, पण अधांतरी धरला की थरथरायचा. पेन्सिल दिली तर कागदावर नुसत्या रेघोट्या. डॉक्टर म्हणाले होते, समज शाबूत आहे. ऐकू येतं, वाचता येतं, फक्त आतलं बाहेर यायची वाट बंद झाली आहे.

त्यांच्या बायकोला सगळे काकू म्हणत. गिऱ्हाइकं म्हणायची म्हणून शेजारी म्हणायला लागले, आणि मग खरं नाव कोणाला आठवेना. रस्त्याकडच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत संसार. त्या काळी घड्याळ बंद पडलं की घरात कोणी अंथरूण धरल्यासारखा चेहरा करून माणसं दुकानात यायची. घड्याळ रुमालात गुंडाळलेलं असायचं. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून टेबलाशी वाकलेले, काकू काउंटरवर. घड्याळजी दिवसभरात चार शब्द बोलले तर फार, तरी त्या दोघांचं काही अडलं नव्हतं. मग घड्याळं दुरुस्त करण्यापेक्षा नवी घेणं लोकांना सोपं वाटू लागलं, आणि दुकान हळूहळू रिकामं होत गेलं. टेबल तेवढं राहिलं, आणि बिलं करायला म्हणून केव्हातरी घेतलेला संगणक.

आजारपण लांबलं तशी काकूंची पाठ गेली. नवऱ्याला कुशीवर वळवताना त्या एकदा तशाच वाकलेल्या राहिल्या, आणि शेजारणीने येऊन त्यांना सरळ केलं. मुलीने त्याच आठवड्यात एक शुश्रूषागृह पाहून ठेवलं.

"त्यांना जायचं नाही," काकू म्हणाल्या.

"त्यांनी सांगितलं तुला?"

"डोळ्यांत दिसतं मला."

"आई, तुला जे हवं असतं तेच तुला त्यांच्या डोळ्यांत दिसतं."

काकूंना राग आला, मग शंका आली. खरंच तसं असलं तर? नवऱ्याला तिथे नीट आराम मिळणार असेल आणि आपणच त्यांना अडकवून बसलो असू तर?

"आपण बाबांनाच विचारू," मुलगी म्हणाली. तिचाही आवाज मऊ झाला होता. "असं विचारू, की तुलाही पटेल आणि मलाही."

उपचारांसाठी घरी येणाऱ्या बाईंनी एक बोलणारा प्रोग्रॅम दिला होता. पडद्यावर शब्दांचे चौकोन, बोट लावलं की संगणक तो शब्द मोठ्याने म्हणायचा. आपल्या भाषेत बोलणारा तो एवढाच होता. कोणीतरी कळवळ्याने पूर्वी केव्हातरी करून ठेवलेला, आणि त्यामुळे जुन्या सिस्टिमवरच चालणारा. दुकानातल्या संगणकात तीच जुनी सिस्टिम होती. अडचण एकच. माऊस धरणं घड्याळजींच्या हाताला जमेना. मुलीने आधी आपला टॅबलेट आणून पाहिला, पण त्यात तो प्रोग्रॅम उतरेना आणि घड्याळजींची बारीक पोलाद हाताळून निबर झालेली, आजारपणात गार पडलेली बोटं त्या काचेला बोटं वाटेनात.

म्हणून काकू जावयाबरोबर संगणकाच्या दुकानात गेल्या.

"सिस्टिम कोणती आहे?" दुकानदाराने विचारलं. जावयाने सांगितल्यावर तो हसला. "काकू, ही आता संग्रहालयात ठेवायची."

"माणूसही जुनाच आहे," काकू म्हणाल्या.

दुकानदार ओशाळला आणि मग मनापासून कामाला लागला. त्याने एक चकचकीत टच मॉनिटर दाखवला. दहा बोटं एकदम ओळखतो, म्हणाला, पण याचे ड्रायव्हर, म्हणजे संगणकाला याची ओळख पटवणारे प्रोग्रॅम, नव्या सिस्टिमचे. तुमच्या संगणकाला हा म्हणजे नुसता काचेचा तुकडा. सिस्टिम नवी घातली तर मॉनिटर चालेल. पण मग तो प्रोग्रॅम बंद पडेल, जावई म्हणाला. दोघे थोडा वेळ त्याच चक्रात फिरत राहिले. काकू स्टुलावर बसून ऐकत होत्या. त्यांना नवल वाटलं; पूर्वी कुठल्याही घड्याळात कुठलंही चाक थोडं घासून बसवता यायचं.

शेवटी दुकानदाराने आतून एक काळी चौकट आणली. "ही आहे त्या मॉनिटरवर बाहेरून बसते. कडांमधून न दिसणारे किरण आरपार जातात, मध्ये काही आलं की हिला कळतं. संगणक हिला माऊसच समजतो, त्यामुळे ड्रायव्हरची भानगड नाही. जुनी असो, पुराणी असो, सगळ्या सिस्टिमला चालते."

"गार बोट चालेल?"

"बोट काय, चमचा चालेल. एवढंच, की हिला एका वेळी एकच स्पर्श कळतो. जो आधी होईल तो."

"त्यांनाही एका वेळी एकच गोष्ट सांगायची असते," काकू म्हणाल्या.

तिथेच लावून पाहिली. काकूंनी बोट लावलं, जावयाने लावलं, बिल द्यायला उभ्या असलेल्या एका अनोळखी बाईनेही हौसेने लावून पाहिलं. एकदाही चुकली नाही.

घरी घड्याळजींना खुर्चीत बसवून त्यांच्याच टेबलावर मॉनिटर कलता ठेवला. उजवीकडचं त्यांना नीट दिसत नसे, म्हणून चौकोन एकाखाली एक लावले. वर 'दुखतंय', मग 'गरम होतंय', मग 'झोपायचंय', सगळ्यात खाली 'पाणी'. घड्याळजींनी डावा हात उचलला, तो थरथरत काचेवर टेकला, आणि संगणक एका सपाट पुरुषी आवाजात म्हणाला, "पाणी."

मुलगी रडायलाच लागली. काकूंनी धावत पाणी आणलं.

थोड्या वेळाने पुन्हा "पाणी." मग पुन्हा. संध्याकाळपर्यंत तेच.

"जन्मभराची तहान काढतायत," जावई म्हणाला.

"उंट झालाय तुझ्या बापाचा," काकू मुलीला म्हणाल्या, आणि कितीतरी दिवसांनी त्या घरात हसणं झालं. घड्याळजी तोंड फिरवत, पाणी हनुवटीवरून गळ्यावर ओघळे, काकू पदराने पुसत आणि म्हणत, "तुम्हीच मागता आणि तुम्हीच सांडता, अहो."

मग सुटीच्या दिवशी तो प्रश्न विचारला. मुलीने पडद्यावर दोनच मोठे चौकोन ठेवले. वर 'नाही', खाली 'हो'. ती वडिलांसमोर गुडघ्यांवर बसली आणि तिने काही न लपवता सगळं सांगितलं. आईची पाठ, ती जागा, तिथली माणसं, आपण दर दोन दिवसांनी येऊ. "जाल तिथे, बाबा?"

हात उठला, काचेवर टेकला.

"हो," संगणक म्हणाला.

काकूंनी नवऱ्याच्या डोळ्यांकडे पाहिलं, आणि तिथे जे दिसलं ते आपल्या मनाचे खेळ समजून नजर खाली घातली.

"हो," संगणक पुन्हा म्हणाला. "हो. हो."

"कळलं बाबा, कळलं," मुलगी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली. पण ते थांबेनात. हात उचलायचा, टेकायचा, आणि तो सपाट आवाज हो हो करत राहायचा. घशातून एक घरघर येत होती. ती काकूंना हसण्यासारखी वाटली, कारण तशी वाटून घ्यायची त्यांची इच्छा होती. शेवटी जावयाने संगणक बंद केला. "दमतील उगाच," तो म्हणाला.

घड्याळजींना न्यायचं ठरलं. शुश्रूषागृहाची गाडी आली, दोन सेवकांनी त्यांना अलगद उचललं. दाराची चौकट त्यांनी डाव्या हाताने धरून ठेवली होती; एका सेवकाने एकेक बोट हळुवार सोडवलं. काकूंनी ते पाहिलं. आधाराला धरलं असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

घर शांत झालं. पाठीला आराम पडला, आणि त्या आरामाचीही काकूंना लाज वाटू लागली. भेटायला गेल्या की घड्याळजी छताकडे पाहत पडलेले असत. मान लटपटायची, पण डोळे काकूंकडे वळत नसत.

एका सकाळी काकूंनी घरी टेबल आवरायला घेतलं. मॉनिटरवर धूळ बसली होती. तो चालू होतो का पाहावं म्हणून त्यांनी बटण दाबलं; पडद्यावर तेच दोन चौकोन आले. काकूंनी खालच्या कडेवर फडकं ठेवलं मात्र, संगणक म्हणाला, "हो."

त्या दचकल्या. फडकं उचललं, पुन्हा ठेवलं. "हो." मग कोणी सांगितल्यासारख्या त्या नवऱ्याच्या खुर्चीत बसल्या. ते बसायचे तशा. तळहाताची कड खाली टेकवली, कारण त्याशिवाय हा माणूस आयुष्यात कधी बोट हलवतच नव्हता. घड्याळाचं काम करणारा हात आधी टेकतो, स्थिर होतो, आणि मगच बोटं पुढे जातात. नाहीतर केसाएवढी स्प्रिंग उडून जाते. "हो," संगणक म्हणाला. तळहात तसाच ठेवून काकूंनी बोट लांबवलं आणि वरच्या 'नाही'वर ठेवलं. संगणक गप्प. बोट दाबलं. गप्प. त्याचं ऐकून झालं होतं.

त्यांनी पडदा बंद केला आणि खिडकी उघडली. तिरप्या उजेडात काचेवर सगळं दिसलं. खाली तळहाताचा एक रुंद, पुसट डाग. आणि वर, जिथे 'नाही' होतं तिथे, बोटाचे ठसे. एकावर एक, इतके की काच तेवढ्या जागी धुरकट झाली होती.

फडकं त्यांनी बाजूला ठेवलं. मुलीला बोलावून घेतलं, काही न सांगता खुर्चीत बसवलं आणि काच दाखवली. मुलीने तळहात खाली टेकवला आणि बोट वरच्या ठशांवर नेलं.

"मी म्हणत होते, कळलं बाबा, कळलं," ती म्हणाली.

दोघी त्याच दुकानात गेल्या. हात टेकला तरी चालेल असं काही हवं, काकूंनी सांगितलं. दुकानदाराने कपाळाला हात लावला. "काकू, हे आधी सांगायचं होतंत." मग स्वतःच म्हणाला, "मी तरी कुठे विचारलं." पेनाने चालणारी काच असते, तिला फक्त पेन कळतं, हाताची ती दखलच घेत नाही. पण नव्या काचा या सिस्टिमला चालणार नव्हत्या. त्याने फोन फिरवले आणि कोणा चित्रकाराने विकायला ठेवलेली एक जुनी पेनकाच मिळवून दिली, तिच्या वेळच्या ड्रायव्हरसकट. या वेळी काकूंनी तळहात टेकवून, कोपर टेकवून, वाकडंतिकडं करून ती दुकानातच पारखली.

शुश्रूषागृहात घड्याळजींच्या खाटेवर सरकतं टेबल लावून त्यांनी सगळं मांडलं. काकूंनी नवऱ्याच्या हातात पेन दिलं. त्यांनी ते चिमट्यासारखं तीन बोटांत धरलं. मग हात काचेवर टेकवला आणि ते नुसते थांबले, यंत्र आता काय बोलतंय याची वाट पाहत. यंत्र काही बोललं नाही. इथे आल्यापासून घड्याळजींनी प्रथमच काकूंकडे पाहिलं.

"आम्हाला चुकीचं ऐकू आलं होतं, अहो," काकू म्हणाल्या. "तुम्ही नाही म्हणत होता. घरी येताय?"

पेन सावकाश सरकलं.

"नाही."

"आई, हेही बिघडलेलंच दिसतंय," मुलगी कुजबुजली. तिने चौकोन खालीवर केले आणि पुन्हा विचारलं. पेनाने नवी जागा बरोबर शोधली. "नाही."

"का?" काकूंनी विचारलं, आणि मुलीला अक्षरांचं पान लावायला सांगितलं. घड्याळजी एकेक अक्षर टिपत गेले. हात थरथरत नव्हता. बाहेर कोणाची तरी चाकांची खुर्ची गेली, आली. शेवटी त्यांनी पेन उचललं आणि तो सपाट आवाज म्हणाला, "पुन्हा पाठवाल."

"नाही बाबा. कधीच नाही," मुलगी घाईने म्हणाली.

पण ते तिच्याकडे पाहत नव्हते. काकूंनी तोंड उघडलं. नाही पाठवणार, असं म्हणायला काहीच लागत नव्हतं. पण सकाळी संगणक गाडीत ठेवताना पाठीतून कळ गेली होती, ती अजून उतरली नव्हती. आज नेलं तर उद्या यांना उचलणार कोण? पाठीने पुन्हा दगा दिला तर?

"मला सांगता येत नाही," त्या म्हणाल्या.

घड्याळजींनी डोळे मिटले, उघडले. त्यात राग नव्हता. काकूंना वाटलं, राग असता तर बरं होतं.

तेवढ्यात दोन सेवक कुशीवर वळवायला आले. त्यांतल्या एकाने सवयीने टेबलाला हात घातला आणि ते बाजूला ढकलू लागला.

"त्यांना विचारलंत?" काकू म्हणाल्या.

"काय विचारायचं?"

"वळायचंय का ते."

"अहो आजी, वेळ झाली की वळवावंच लागतं. नाहीतर जखमा होतात."

"तरी विचारा." काकूंनी टेबल धरून पुन्हा नवऱ्याच्या हाताखाली ओढलं. मुलीने दोन चौकोनांचं पान लावलं. सेवकाने जोडीदाराकडे पाहून खांदे उडवले, मग तो खाटेवर वाकला आणि बहिऱ्याशी बोलावं तसा मोठ्याने म्हणाला, "आजोबा, वळवू का?"

"ओरडू नका, ऐकू येतं त्यांना," काकू म्हणाल्या. "हात टेकू द्या आधी. घाई करू नका."

सगळे वाट पाहत उभे राहिले.