भेंडीचा साचा

चातुर्मासात मी खोटं बोलत नाही. एरवी बोलते असं नाही, पण या चार महिन्यांत तसा नेम असतो आणि नेम असला की माणूस सावध राहतो. एकभुक्त, संध्याकाळी तुळशीपुढे दिवा, रोज शंभर वाती, एक माळ जप आणि खोटं नाही. गावात हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे आषाढापासून कार्तिकापर्यंत मला कुणी फारसं काही विचारत नाही. नवी साडी दाखवायलासुद्धा बायका तुळशीचं लग्न उरकल्यावर येतात.

म्हणून यंदा भाद्रपदात आमच्या ह्यांनी आणि शेजारच्या येसाजींनी मला पंच नेमलं, तेव्हा दोघांचंही जरा चुकलंच.

विषय होता साच्यांचा.

आमचे हे, सहदेवराव, कुंभिवलीजवळ हायवेवरच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं होते. प्लास्टिकच्या डब्यांची झाकणं ओतायचं खातं. निवृत्त झाल्यावर त्यांना गळ टाकायचा छंद लागला. रोज सकाळी डोंगराखालच्या पाझर तलावावर जायचं आणि दहाला रिकाम्या हातानं यायचं. येसाजी त्याच तलावावर लहानपणापासून मरळ धरतात. त्यांच्या गळाला गांडूळ असतं, नाहीतर बेडकाचं पिल्लू. ह्यांना ते मागासलेपणाचं वाटायचं. आता मऊ प्लास्टिकचे बेडूक मिळतात म्हणे, पाण्यात जिवंत असल्यासारखे थरथरतात. ते पाकिटात विकत मिळतात, पण विकत आणले तर मग एकतीस वर्षांच्या अनुभवाचं काय करायचं?

म्हणून साचे मागवले. खास त्याच कामाचे, ॲल्युमिनियमचे. कर्जतला कुरिअरवाल्याकडे खोकं आलं, ते हे स्वतः मोटरसायकलवरून मांडीवर घेऊन आले. मागे येसाजी बसले होते, त्यांच्या हातात दिलं नाही. सात साचे. प्रत्येकाचे दोन अर्धे, मध्ये पोकळी. बेडकाचा, गांडुळाचा, शेपटी हलवणाऱ्या मासोळीचा. मी बेडकाचा हातात घेऊन पाहिला. आत पाठीवरचे चामखीळसुद्धा कोरलेले होते. सुंदर काम होतं, ते नाकारत नाही. किंमत मी विचारली नाही. मला कळली असती तर मुलीनं फोनवर विचारल्यावर सांगावी लागली असती.

एका साच्यात मोठ्या नांग्यांचा कसलासा प्राणी होता. येसाजींनी तो उलटसुलट केला.

"भाऊ, ह्ये काय हाय?"

"क्रॉफिश. गोड्या पाण्यातलं मोठं झिंगं. अमेरिकेत मासे ह्याच्यावर तुटून पडतात."

"आपल्या तळ्यात कुठं हाय ह्यो?"

"नाहीये. म्हणूनच तर."

"म्हंजे आपली मरळ ह्येला पाव्हणा समजून पानी विचारायला येनार." येसाजींनी साचा अगदी अदबीनं खाली ठेवला.

कामाला जागा हवी म्हणून ह्यांनी मागची खोली घेतली. पांढरं, दुधासारखं एक द्रव मिळतं. ते तापवलं की पातळ आणि आरपार होतं, मग मोठ्या सिरिंजनं साच्यात भरायचं. त्यासाठी एक जुना मायक्रोवेव्ह आला. चमकी आली, तीन रंग आले. माशांना वास आवडतो म्हणून लसणाचा अर्क आला. चातुर्मासात मी स्वतः लसूण सोडलेला, आणि माझ्या देवघराच्या भिंतीपलीकडे प्लास्टिकच्या बेडकांना लसणाची फोडणी. मी उदबत्ती एकाऐवजी दोन लावायला लागले.

दिवसाला सहा बेडूक व्हायचे. त्यातले चार पाणवनस्पतीत अडकून तुटायचे. उरलेले दोन हे जेवताना ताटाशेजारी ठेवून बघत बसायचे.

"बघ, एकसुद्धा बुडबुडा नाही आत."

"छान झालेत."

"कारखान्यात असं काम कुणाला जमत नव्हतं."

"मरळ मिळाली का?"

"तुला कामातलं सौंदर्य कळत नाही."

एवढ्यावर सगळं चाललं असतं, पण गौरी गेल्या त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. रुचिताला सातवा महिना. पहिलं बाळंतपण, म्हणून पितृपक्ष लागायच्या आधी माहेरी यायचं ठरलेलं होतं. म्हणजे हातात सहा दिवस. आणि बाळंतिणीसाठी घरात खोली एकच, मागची. तिला मोरी लागून आहे, वारा लागत नाही.

"हॉलमध्ये झोपेल की," हे म्हणाले.

"हॉलमध्ये टीव्ही आहे, येणारंजाणारं आहे. आणि तो धूर घरात नको. पोटुशी पोर आहे."

"धूर नाही तो. वाफ आहे."

"वाफेनं माझी भिंत काळी झाली."

मग ह्यांना वाटलं, आपण हिला पकडलं. "तू रोज शंभर वाती हातानं वळतेस. बाजारात मशीनच्या वाती मिळतात, पाकिटं भरून. मग तुझा एवढा वेळ का जातो, असं मी कधी विचारलं?"

खरं होतं. वाती वळताना मला जे बरं वाटतं, तेच ह्यांना साचा उघडताना वाटत असणार. हे मी तेव्हाच मनात मान्य केलं. पण पोर सहा दिवसांनी येणार होती.

"माझ्या वातींच्या वासानं कुणाचं डोकं दुखत नाही," मी म्हटलं.

हा संवाद येसाजी अंगणातल्या बाकावर बसून ऐकत होते. त्यांना भारी मजा वाटत होती. ते उठले, परसातल्या वाफ्यातून एक कोवळी भेंडी तोडून आले आणि म्हणाले, "भाऊ, थोडी पुट्टी दे बरं. भिंतीला लावत्यात ती."

डब्याच्या झाकणात त्यांनी पुट्टी कालवली, भेंडीला खोबरेल चोळलं, तिला अर्धी पुट्टीत दाबली आणि दुसऱ्या दिवशी काढून घेतली. झाला साचा. त्यात ह्यांच्याकडचंच तापवलेलं द्रव चमच्यानं ओतलं. निघाली ती हिरवी, लिबलिबीत, शिरा असलेली अर्धी भेंडी. पाठ सपाट, आत चार बुडबुडे.

"ह्येच्यावर बी मरळ येनार," येसाजी म्हणाले. "लाव पैज."

पैज लागली. साच्यातला बेडूक सरस ठरला तर खोली ह्यांची, रुचिताची सोय हॉलमध्ये. नाहीतर साचे घराबाहेर. मी विचारलं, "बरोबरी झाली तर?"

"बरोबरी होणारच नाही," हे म्हणाले.

"मोजनार कोन पन?" येसाजींनी विचारलं. "भाऊ मोजनार तर मी घरी जातो."

मग दोघांनी माझ्याकडे पाहिलं. मला माशातलं कळत नव्हतं, मी ते चार महिने खात नव्हते आणि खोटं बोलत नव्हते. याहून लायक माणूस तालुक्यात सापडला नसता. फक्त खोली मला हवी होती, एवढंच होतं. तेही मी सांगून टाकलं.

"ठाऊक आहे," हे म्हणाले. "तरी तू खोटं मोजणार नाहीस."

हे वाक्य त्यांनी सहज म्हटलं, पण मला रात्रीपर्यंत पुरलं.

पहाटे सहाला आम्ही तिघं तलावावर गेलो. मी माळ घेऊन गेले होते. जप करायचाच होता, मोजणीही व्हायची. एक मणी म्हणजे दोघांनी एकेकदा गळ फेकायचा. ह्यांच्या गळाला बेडूक, येसाजींच्या गळाला भेंडी. एकशेआठ मणी झाले आणि मेरुमणी आला की तो ओलांडायचा नसतो, तिथून माघारी फिरायचं. मी म्हटलं, तिथं आमिषं बदला. परतीच्या माळेत ह्यांना भेंडी, येसाजींना बेडूक.

"बदलायचं कशाला?" हे म्हणाले.

"हाताचा दोष साच्यावर यायला नको म्हणून."

यात ह्यांना आपला फायदा दिसला. लगेच कबूल झाले.

रोज गळ टाकणाऱ्या माणसांनी आपण किती वेळा फेकतो हे कधी मोजलेलं नसतं. अठरा मण्यांत ह्यांचा खांदा भरून आला. सव्विसाव्या मण्याला त्यांना रंग बदलायचा होता. मी म्हटलं, माळ मध्येच मोडत नाही. एकेचाळिसाव्याला बेडूक कमळाच्या वेलीत अडकला आणि ती फेक धरायची की नाही यावर वाद झाला. मी मणी बोटात धरून बसून राहिले. नाम काही अडत नाही.

"वयनी, भाऊ किनाऱ्याकडं लई दाणदाण पाय आपटतो," येसाजी म्हणाले. "मरळ काय बहिरी हाय व्हय?"

"मी हलतसुद्धा नाही."

"सावली हलती ना तुजी."

बावन्नाव्या मण्याला येसाजींची भेंडी ओढली गेली. चांगली हातभर मरळ. सत्तराव्याला ह्यांनाही एक लागली, वीतभरच, पण ह्यांनी ती मला तीनदा दाखवली. नव्वदीच्या पुढे येसाजींना आणखी एक. मेरू आला तेव्हा भेंडीला दोन, बेडकाला एक.

"पाणी अजून गार आहे," हे म्हणाले. "बेडूक उन्हात चालतो."

आमिषं बदलली. ऊन वर आलं. आता भेंडी ह्यांच्याकडे होती आणि ते ती अशी फेकत होते जणू ती कुणी पाहू नये. येसाजींनी मात्र बेडूक हातात घेऊन दोन्ही बाजूंनी दाबून पाहिला, पाय ताणून पाहिले आणि वेलीच्या अगदी कडेला, एखादी वस्तू ठेवावी तसा टाकला. तिसऱ्याच मण्याला मरळ. साठाव्याच्या आसपास दुसरी, सकाळची सर्वांत मोठी. ह्यांच्या भेंडीला शेवटी शेवटी एक लागली. तीही वीतभरच.

माळ संपली. मी ती डोळ्यांना लावली, पिशवीत ठेवली.

"तीन-तीन," हे घाम पुसत म्हणाले. "बरोबरी. पण सर्वांत मोठी कशावर आली? बेडकावर. सांग."

येसाजी गवतावर मासे मांडत होते. त्यांना हिशेब माझ्याआधी कळलेला होता, त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं. पण न्याय माझ्याकडे होता.

मी काय सांगायचं? बेडकावर तीन, भेंडीवर तीन, हे खरं होतं. येसाजींना चार आणि ह्यांना दोन, तेही खरं होतं. येसाजींना दोन्ही आमिषांवर दोन-दोन, ह्यांना दोन्हींवर एक-एक. साच्यांचा त्या सकाळशी काही संबंधच नव्हता. हे एकतीस वर्षं झाकणं ओतलेल्या माणसाला कसं सांगतात, ते कुठल्या व्रताच्या पोथीत दिलेलं नाही.

"साचे उत्तम आहेत," मी म्हटलं. ह्यांचा चेहरा उजळला. "कुणाला दिवसाला दोनशे बेडूक करून विकायचे असतील, तर घ्यावेतच. पुट्टीचा साचा दहा ओतण्यांत फुटेल. हा जन्मभर टिकेल."

"मी काय म्हणत होतो?"

"पण मरळ एका वेळी एकच आमिष धरते. तिला चामखीळ दिसत नाहीत. सहा बेडकांसाठी अख्खी खोली लागते, भेंडीला झाकण पुरतं. आणि मासे साचा बदलल्यावर बदलले नाहीत, फेकणारा बदलल्यावर बदलले. साच्यात काहीच खोट नाही. तुम्हाला तो लागत नाही, एवढंच."

मी हे अगदी हळू म्हटलं. मी नेहमीच हळू बोलते. माझ्या बहिणीचं म्हणणं असं, की ओरडलीस तर बरं होईल.

"खांदा दुखत होता," हे म्हणाले.

"दुकत असनार," येसाजी लगेच म्हणाले. "अठराव्या मन्यापासनंच म्हनत व्हता तू."

त्या एका वाक्यासाठी मी येसाजींना भेंडीची सगळी चेष्टा माफ केली.

घरी येऊन हे जेवले नाहीत. दुपारी मागच्या खोलीत खडखड ऐकू आली. मायक्रोवेव्ह बाहेर आला, मग रंग, मग साचे, एकेक जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला. भिंतही त्यांनीच घासली, दोनदा. मी चहा नेऊन दिला, तो त्यांनी घेतला. मला पाप्यासारखं वाटलं. पण तरी फिनेलची बाटली मी पुढे केलीच.

संध्याकाळी येसाजी आले. कुंपणाशी उभे राहून बराच वेळ पावसाबद्दल बोलले. मग म्हणाले, "भाऊ, ते साचे कुठं ठेवनार तू?"

"माळ्यावर. नाहीतर भंगारात."

"भंगारात कशाला? माझ्या पडवीत जागा हाय." मग जरा थांबून, "त्यो बेडूक हातात मऊ लागतो रं. फेकायला बरा हाय."

ह्यांनी त्यांच्याकडे असं पाहिलं की तीन आठवडे ऐकलेली सगळी थट्टा एकदम फिटली. दोघं मिळून खोकी उचलून घेऊन गेले. दोघांच्या दोन फेऱ्या झाल्या. तिसऱ्या फेरीला हे परत आलेच नाहीत, तिकडेच बसले.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी रुचिता आली. खोलीत नवी सतरंजी होती, खाटेवर मऊ गादी, खिडकीला पडदा. तिनं आल्या आल्या नाक वर केलं आणि म्हणाली, "फिनेल जरा जास्तच झालंय, आई." मी म्हटलं, "हो." मग ती जी झोपली ती संध्याकाळपर्यंत.

दुपारी येसाजींची बायको गौराबाई मागच्या दारानं आली. पदर नाकाला लावलेला. तिच्या पडवीकडून लसणाचा आणि तापल्या प्लास्टिकचा वास दरवळत होता. मधूनच दोघांचं बोलणंही ऐकू येत होतं. येसाजी विचारत होते, नांग्यावाला साचा एकदा करून बघायला काय हरकत हाय.

"वयनी, दोन दिस झाले," गौराबाई म्हणाली. "म्हस पान्याला तोंड लावत नाय. मी बोलले तर म्हनतात, वयनींनीच सांगितलंय साचे उत्तम हायती. तुमी खरं सांगितलंत तसं?"

"सांगितलं होतं."

"आता देवाशपथ सांगा. तुमी खोटं बोलत नाय. त्या साच्यांचा कुनाला कायतरी उपेग हाय का?"

मी आतल्या खोलीकडे पाहिलं. रुचिता कुशीवर झोपली होती, एक हात पोटावर.

"आहे, गौराबाई," मी हळूच म्हटलं. "माझी खोली मोकळी झाली."