प्रेरणाच्या पाठीवरचं इरलं

मी एक जुनं इरलं आहे, आणि खरं सांगायचं तर भलतंच भित्रं आहे. मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी मला पाहिलंही नसेल. बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यात दाबून बसवलेली पळसाची पानं आणि आकार उपड्या होडीसारखा. भाताची लावणी करताना बाया मला डोक्यावर घेतात. मी त्यांची पाठ झाकतो आणि त्यांचे दोन्ही हात रोपं लावायला मोकळे राहतात. गडी माणसं मला शिवत नाहीत. आमच्या आंदर मावळात बाईनं इरलं घ्यावं आणि गड्यानं घोंगडी, असा रिवाज आहे. तो कुणी पाडला, देव जाणे.

ठाकरवाडीच्या मारुतीनं मला दोन दिवसांत विणलं. "चार पावसाळं तरी कुटं जात न्हाई हे," असं सांगून त्यानं मला शालूबाईच्या हाती दिलं. मी चारावर कितीतरी काढले. शालूबाईच्या इरल्यातून थेंब गळत नाही, असं बाया एकमेकींना सांगायच्या आणि मी आतल्या आत फुगायचो. मग प्लॅस्टिकचे कागद आले. हलके, स्वस्त, निळे, पिवळे. माझी रवानगी गोठ्यातल्या खुंटीवर झाली. तिथं मला वाळवीची भीती, शेळीची भीती, आणि सगळ्यात मोठी भीती चुलीची. वाळक्या पानांना चुलीपासून किती लांब ठेवणार?

पण मला त्याहून मोठी भीती दाखवली ती माणसांनीच.

शालूबाई आणि रखमाजी यांना एकच लेकरू. जन्मल्यावर सगळ्यांनी मुलगा म्हटलं, नावही मुलाचंच ठेवलं. ते नाव मी सांगणार नाही, कारण तिला ते नको आहे. मी तिला प्रेरणाच म्हणेन. ती नऊ वर्षांची असताना, मी अजून कामावर होतो तेव्हा, शालूबाई भाकरी आणायला घरी गेली आणि मला बांधावर ठेवून गेली. प्रेरणा गुपचूप माझ्याखाली शिरली आणि बायांच्या रांगेत जाऊन रोपं लावू लागली. शेजारच्या लीलाबाईनं वाकल्या वाकल्याच विचारलं, "ही कुणाची गं पोर? हात बगा कसा चालतोय!" पोर म्हटल्यावर माझ्याखालचे ते इवलेसे खांदे हसण्यानं गदगदा हलले. इतकं आनंदी माणूस मी तोवर झाकलं नव्हतं.

तेवढ्यात रखमाजी आला. त्यानं मला उचललं आणि खाली कोण आहे ते सगळ्यांनी पाहिलं. गडी खदाखदा हसले. "रखमाजी, पोरगं का पोरगी रं तुझी?" रखमाजीनं मला चिखलात भिरकावलं, माझ्या दोन कामट्या मोडल्या. लेकराला त्यानं दंडाला धरून ओढत नेलं. तो वाईट माणूस नव्हता. फक्त सापाला जेवढा भ्यायचा नाही, तेवढा लोकांच्या हसण्याला भ्यायचा.

त्यानंतर ती गोठ्यात येऊन बसायची. एकदा माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "मी पोरगीच हाय. कुनाला सांगू नगंस." मी कुणाला सांगणार? पण तिचं गुपित ऐकून तिच्याइतकाच मीही भ्यालो. दारात कुणाचं पाऊल वाजलं की आम्हा दोघांचा श्वास अडकायचा. अशी दहा वर्षं गेली.

एकोणिसाव्या वर्षी ती लोणावळ्याला एका मोठ्या हॉटेलात कामाला लागली. आधी सणाला यायची. पुढं नुसता फोन. मग फोनही थांबला आणि दोन वर्षं तिचा काहीच पत्ता लागला नाही. शालूबाई गाईजवळ बसून डोळे पुसायची. रखमाजी एक दिवस कामाचं निमित्त सांगून लोणावळ्याला जाऊन आला. परत आल्यावर बैलांना वैरण घालता घालता त्यांनाच सांगू लागला, "नाव घिऊन इचारलं रं मी. असं कुनी हितं न्हाई, म्हनला दारावरचा. पोरगं जितं हाय का न्हाई, त्येबी कळंना." आणि त्यानं बैलाच्या मानेवर कपाळ टेकलं. शालूबाईला मात्र त्यानं अवाक्षर सांगितलं नाही.

म्हणजे पाहा, लेकरू बापाला भ्यायचं आणि बाप लेकरासाठी भ्यायचा. दोघांचं मी ऐकलेलं, आणि मला तोंड नाही. वस्तूच्या जन्माला येण्यात हे एक मोठं दुःख आहे.

यंदा आषाढात, सकाळी शालूबाई धार काढत असताना गोठ्याच्या दारात एक तरुण बाई उभी राहिली. हिरवा पंजाबी ड्रेस, कानात बारीक डूल, हातात पिशवी.

"कोन गं तू? कुनाकडं आलीस?" शालूबाईनं विचारलं.

"आये, मी."

दुधाची चरवी कलंडली. मग प्रेरणानं एका दमात सगळं सांगितलं, मधे थांबली असती तर पुन्हा बोलता आलंच नसतं. लहानपणापासून आपण पोरगीच आहोत हे तिला ठाऊक होतं. लोणावळ्यात तिच्यासारख्या दोघी भेटल्या. पुण्याच्या डॉक्टरांचे उपचार झाले. आधार कार्डावर नवं नाव लागलं. त्याच हॉटेलच्या स्वयंपाकघरात ती काम करते आणि तिच्या छातीवरच्या पट्टीवर 'प्रेरणा' लिहिलेलं असतं.

"मी लय सुकात हाय, आये. सकाळी आरशात बगते तवा मीच दिसते मला. फकस्त तुमाला सांगायचं धाडस हुईना. फोन उचलायची आन् ठिवून द्यायची."

शालूबाई धार टाकून उठली. मग जवळ जाऊन तिनं तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "येकलीनंच सोसलंस व्हय गं सगळं?" असं म्हणून ती रडली, आणि लगेच दाराकडं बघून आवाज खाली आणला. "पर तुजा बा काय करंल, मला सांगता याचं न्हाई."

रखमाजी दाराआडच उभा होता. कासरा हातात तसाच. त्यानं सगळं ऐकलं होतं. त्यानं बैल सोडले आणि तो चहा न घेता निघून गेला.

त्या दिवशी गावातल्या नंदाबाईच्या भातखाचरात सावड होती. सावड म्हणजे आज तुम्ही माझ्या शेतात राबा, उद्या मी तुमच्या. पण बाईच्या जागी बाई आणि गड्याच्या जागी गडीच गेला पाहिजे. नंदाबाई आमच्याकडं लावणीला येऊन गेली होती आणि शालूबाईचा पाय आदल्या दिवशीच मुरगळलेला.

"आये, तुज्या जागी मी जाते," प्रेरणा म्हणाली.

शालूबाईचा चेहरा पांढरा पडला. सगळं गाव तिथं असणार होतं, रखमाजीही. मग ती लंगडत उठली आणि तिनं मला खुंटीवरून काढलं. "वारं लय हाय, कागद अंगावर ठरायचा न्हाई. हे घे." आईनं स्वतःच्या हातानं मला लेकीच्या डोक्यावर दिलं.

मित्रांनो, खाचरापर्यंतची ती वाट मी विसरणार नाही. तिच्या छातीतली धडधड माझ्या कामट्यांना कळत होती. दोनदा ती थांबली, दोनदा मागं वळली आणि पुन्हा चालू लागली.

"शालूबाई न्हाई आली?" नंदाबाईनं विचारलं.

"तिचा पाय मुरगाळलाय. मी तिची लेक, प्रेरणा."

शालूबाईला लेक नाही हे गावाला माहीत. बायांचे हात थांबले. एकीनं पदर तोंडाला लावला, "काय काय बगायचं ऱ्हायलंय आता!" नंदाबाईनं प्रेरणाला वरपासून खालपर्यंत निरखलं. काही उमगलं, काही नाही, पण नंदाबाई मोठी कामाची बाई. म्हणाली, "ज्यास्नी बगायचंय त्यांनी बांधावर बसून बगा. माजी रोपं सुकत्यात. तू ये गं, माज्या शेजारी हुबी ऱ्हा."

रांग पुढं सरकू लागली. शेजारच्या खाचरात रखमाजी बैलांनी चिखल करत होता. त्याची फेरी जवळ आली की प्रेरणाचं रोप वाकडं पडायचं. मी भिरकावला जायची वाट पाहत होतो. या वयात दुसऱ्यांदा पडलो तर माझं काही खरं नव्हतं, पण त्याहून भीती होती ती माझ्याखालच्या पोरीची. आता हिला ओढलं तर ती पुन्हा कधीच येणार नाही, हे मला कळत होतं.

न्याहारीला सगळे बाहेर आले. एका बांधावर गडी बसतात, दुसऱ्या बांधावर बाया. सगळे आपापल्या जागी बसले आणि प्रेरणा मधेच उभी राहिली. बायांच्या बांधावर कुणी सरकून जागा दिली नाही, नंदाबाई भाकरीची पाटी सोडत होती. गड्यांच्या बांधावर कुणीतरी फिसकन हसलं. प्रेरणाचे गुडघे लटपटत होते. पळून जावं तर सगळ्यांच्या समोरून जावं लागणार होतं.

रखमाजी उठला. चिखलाचे पाय टाकत सरळ तिच्यापुढं येऊन उभा राहिला. हसणारा गप्प झाला.

"हाटेलात गेलतो मी," तो हळू म्हणाला. "न्हाई म्हनले. मला वाटलं, मेलंच माजं लेकरू."

"आबा, नाव बदललं हुतं."

रखमाजी एकदम दोन्ही बांधांना ऐकू जाईल असा ओरडला, "मंग हितं मदीच का हुबी? बायांच्यात जाऊन बस की! नंदाबाई, माज्या लेकीला भाकर वाढा. सकाळपास्नं उपाशी हाय ती."

लीलाबाई सरकली. प्रेरणा बसली आणि भाकरीचा पहिला घास तिनं रडत रडतच खाल्ला.

सगळं लगेच गोड झालं असं नाही. रखमाजीच्या तोंडी तिचं नाव अजून बसलेलं नाही, तो नुसता "अगं" म्हणतो. एक-दोन घरं अजून तोंड फिरवतात. प्रेरणा चार दिवस राहून लोणावळ्याला कामावर गेली, आणि आता तिचा फोन रोज येतो.

मी आता फार दिवसांचा सोबती नाही. मला वाळवी खाईल किंवा चूल, आणि त्याचं मला पूर्वीइतकं भय वाटत नाही. एवढंच मागणं आहे, मित्रांनो. कुणी आपलं खरं सांगायला तुमच्या दारात आलं आणि त्याचे पाय लटपटत असले, तर आधी त्याला बसायला सांगा, भाकरी वाढा. विचारायचं ते मग विचारा.