खोडव्याचं वय

मुंबईहून आलेलं पार्सल खुर्शीदने सोडलं आणि ऊसतोडणीच्या यादीच्या पहिल्याच पानावर तिचं डोकं तडकलं. बेचाळीस नावं, त्यांतली सदतीस खोडव्याची. म्हणजे याही वेळी तेच.

खोडवा म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून पुन्हा फुटलेला ऊस. त्याचं वय मागच्या तोडणीपासून धरतात, हे नेवाशाकडचं शेंबडं पोरही सांगेल. मुंबईच्या कॉम्प्युटरच्या कार्डावर मात्र एकच रकाना होता, मूळ लागणीचा. त्यामुळे दहा महिन्यांचा कोवळा खोडवा मशीनला अडीच वर्षांचा वाटे आणि सोळा महिन्यांचा पक्व आडसाली ऊस यादीत मागे ढकलला जाई. हे तिने जूनमध्ये कळवलं होतं, ऑगस्टमध्येही.

गणितात बी.एस्सी. झाल्यावर कॉम्प्युटरवर काम करायला मिळेल म्हणून ती या सल्लागार कंपनीत लागली होती. मशीन पाहिलं ते चार दिवस, काचेपलीकडून. मग दोन महिन्यांसाठी म्हणून या साखर कारखान्यावर पाठवलं, त्याला आता नववा महिना चालू होता. तोडणीची यादी एकदा गिऱ्हाइकाच्या पसंतीस उतरली की मशीनवर घेऊ, असं मुंबईच्या साहेबांनी कबूल केलं होतं.

तिने ट्रंककॉल लावला. दोन तासांनी लागला.

"रकाना वाढवायचा म्हणजे नवा करार," साहेब म्हणाले. "तुम्ही कोणाच्या बाजूच्या आहात?"

"सर, सोमवारी तोडणी आहे."

"मग समजावून सांगा त्यांना. तेवढ्यासाठीच तर तुम्हाला तिथे ठेवलंय."

फोन ठेवला तर दारात राहीबाई उभी. "बाई, माझ्या उसाला तुरा आलाय, वजन उतरायला लागलं. आन् नंबर म्हनं फेब्रुवारीत?"

"तुमच्या मशीनला एकदा आमच्या बांधावर आणा," शेतकी अधिकारी काकासाहेब आत येत म्हणाले. "ऊस कसा असतो ते तरी बघू दे त्याला."

"मीच अजून त्याला धड बघितलं नाही," खुर्शीद म्हणाली. "मागच्या हंगामाचं तोडणीचं रजिस्टर आहे ना? काढा."

शनिवार-रविवार दोघांनी अकराशे चिठ्ठ्या लिहिल्या, खोडव्याला खरी तारीख लावली आणि सगळ्या वयाप्रमाणे लावून घेतल्या. सोमवारी सकाळी हाताने लिहिलेली यादी फळ्यावर लागली. राहीबाईचा नंबर चौथ्या दिवशी होता. भांडायला आलेली माणसं यादी वाचून मुकाट परत गेली.

पंधरा दिवसांनी साहेबांचं पत्र आलं. आपल्या यंत्रणेच्या यशाबद्दल अभिनंदन. कारखान्याचे चेअरमन अतिशय खूश असून त्यांनी करार तीन वर्षांनी वाढवला आहे. अट एकच, खुर्शीदबाईंना तिथून हलवू नये. सबब मशीनवरच्या बदलीचा विचार तूर्त करता येणार नाही.

"आलं का पत्र?" काकासाहेब हसत हसत आत आले. "ती अट मीच घालायला लावली चेअरमनना. म्हटलं, एवढं काम केलंत, तुमची कदर व्हायला नको?"

खुर्शीदने त्यांच्याकडे पाहिलं. माणूस मनापासून आनंदात होता. त्याच्यावर रागावणंसुद्धा शक्य नव्हतं.

"बसा ना," ती म्हणाली आणि कोरा कागद पुढे ओढला. "मला जरा राजीनामा लिहायचाय. मग चहा सांगू."